भिंतीआडची कंपनी

मिस्त्रींच्या उजव्या गुडघ्याने एके दिवशी साफ नकार दिला. बत्तीस वर्षं तो बेसिनखाली, टाक्यांच्या मागे आणि जिन्याखालच्या बोळात निमूटपणे दुमडत आला होता. आता मात्र तो काही केल्या दुमडेना. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि सांगितलं, "चाला, फिरा, पण उकिडवं बसणं बंद." मिस्त्रींनी विचारलं, "मग कमोडची जोडणी काय खुर्चीत बसून करू?" डॉक्टर हसले. मिस्त्रींनी विनोद केलेलाच नव्हता, त्यामुळे ते तावातावाने बाहेर पडले.

मुलगा विमा कंपनीत होता. तो जन्मापासून सावध. लहानपणीसुद्धा झोपाळ्यावर बसण्याआधी साखळी ओढून बघायचा. तो म्हणाला, "बाबा, आता आराम करा." हा शब्द मिस्त्रींच्या कानाला कधीच सोसला नाही. आराम म्हणजे सकाळी पेपर, दुपारी पुन्हा तोच पेपर आणि संध्याकाळी बायकोच्या पायात पायात येणं. तीन आठवड्यांत त्यांनी घरातला प्रत्येक नळ दोनदा खोलून बसवला. बायको म्हणाली, "अहो, गळत नव्हता तो नळ. आता गळायला लागलाय."

फोन मात्र वाजायचा थांबला नव्हता. गावभर ज्यांच्या घरी त्यांनी काम केलं होतं, त्या सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा: "मिस्त्री, भिंतीत पाइप कुठून गेलाय?" कुणाला आरसा लावायचा असे, कुणाला फडताळ. मिस्त्री डोळे मिटायचे आणि सांगायचे, "खिडकीकडे तोंड करा. डाव्या कोपऱ्यापासून वीतभर सोडा. तिथून सरळ वर गेलाय, त्याला हात लावू नका." अकरा वर्षांपूर्वीची भिंत असली तरी ते असंच सांगायचे. आपण आजवर एकदाही चुकलो नाही, असं ते छातीवर हात ठेवून म्हणायचे. जरा जास्तच वेळा म्हणायचे, हेही इथे सांगून टाकायला हवं.

सून हे ऐकत होती. ती लग्नाआधीपासून सॉफ्टवेअरच्या ऑफिसात होती. मुलगी झाली तेव्हा तिने नोकरी सोडली. आता मुलगी शाळेत जायला लागल्यावर ती पुन्हा इकडे तिकडे अर्ज करत होती. एका दुपारी तिने विचारलं, "बाबा, हे सगळं कुठे लिहून ठेवलंय?"

"डोक्यात."

"आणि उद्या तुम्ही नसलात तर?"

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "हे काय बोलणं झालं, अगं?"

पण मिस्त्रींना राग आला नाही. त्यांनी समोरच्या भिंतीवर बोटाने टकटक केली. मग म्हणाले, "मी नसलो तर भिंती फोडतील. दुसरं काय!"

कंपनीची स्थापना झाली ती अशी, सासूबाईंच्या ओट्यापासून चार पावलांवर. कल्पना साधी होती. घर बांधताना पाइप टाकून झाले, की गिलावा चढायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढायचा, त्यावर मापं टाकायची आणि ते घरमालकाच्या फोनवर ठेवायचं. ॲप उघडलं की भिंतीआडचं सगळं समोर. म्हणून नावही 'भिंतीआड'. कोड सुनेचा, मापं सासऱ्यांची. भांडवल म्हणाल तर सुनेची साठवण आणि मिस्त्रींचं पाइपला आटे पाडायचं मशीन विकून आलेली रक्कम. ते मशीन टेम्पोत चढलं तेव्हा मिस्त्री मुद्दाम पाठ करून उभे राहिले होते.

पुढचे आठ महिने कसे गेले ते त्या दोघांनाच माहीत. पैसे गुंतवणाऱ्या एका तरुणाला दोघं भेटायला गेली. त्याने विचारलं, "तुमची टीम कुठे आहे?" सून म्हणाली, "ही काय, मी आणि माझे सासरे." तो तरीही दाराकडे बघत राहिला, अजून कुणी येतंय का म्हणून. मग म्हणाला, आधी दहा हजार लोक वापरू देत, मग बोलू. मिस्त्री म्हणाले, "दहा हजार लोक वापरायला लागल्यावर तुझ्याशी कशाला बोलू रे?" सुनेने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. जिन्यात मात्र ती पोट धरून हसली. ॲप स्टोअरवाल्यांनी दोनदा परत पाठवलं. त्यांनी उघडून बघितलं तर आत एकही घर नव्हतं आणि रिकामी पाटी दाखवणारं ॲप कशाला, असं त्यांचं म्हणणं. मग सुनेने आपल्याच न्हाणीघराची एक भिंत त्यात घातली. सासूबाईंना ते कळल्यावर दोन दिवस अबोला झाला. जगाने आपली न्हाणी बघावी म्हणजे काय!

पण खरी अडचण वेगळीच होती. कंत्राटदार भिंतीचे फोटो काढूच देत नव्हते. एकाने तर स्पष्ट सांगितलं, "मिस्त्री, भिंत बंद झाली की विषय बंद. लोकांना आतलं दिसायला लागलं तर आम्ही धंदा कसा करायचा?" मिस्त्री म्हणाले, "नीट करायचा." कंत्राटदाराने चहासुद्धा विचारला नाही.

शेवटी एकच इमारत मिळाली. छत्तीस घरांची. तिथलं प्लंबिंग मिस्त्रींनी गुडघा जाण्याआधीच घेतलेलं होतं, त्यामुळे त्यांना कुणी अडवू शकत नव्हतं. ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कामगारांना सांगायचे आणि सून टेप आणि फोन घेऊन मागे फिरायची. मिस्त्री माप बोलायचे, ती टाइप करायची. लोक राहायला आले तेव्हा छत्तीसपैकी एकतीस घरांनी ॲप घेतलं. त्या रात्री मिस्त्रींनी बायकोला तीनदा आकडा सांगितला. ती म्हणाली, "ऐकलं हो. एकतीस. झोपा आता."

त्याच सुमाराला सुनेला नोकरीचं पत्र आलं. चांगली जागा, चांगला पगार. हो की नाही ते पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपर्यंत कळवायचं होतं. मुलगा म्हणाला, "हो म्हण. ॲप काय, रविवारी करता येईल." सून गेली तर कंपनी गेली, हे मिस्त्रींना कळत होतं. पण सुनेला थांब म्हणायचा हक्क आपल्याला आहे का, हे मात्र कळत नव्हतं, आणि ते त्यांना आतून खात होतं.

तो सोमवार आठ दिवसांवर असताना, रविवारी सकाळी, तिसऱ्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाईंनी न्हाणीघरात भोक पाडलं. त्यांच्या म्हाताऱ्या आईला उठता-बसता धरायला भिंतीवर दांडा हवा होता. बाई शिस्तीच्या. त्यांनी आधी ॲप उघडलं. गरम पाण्याचा पाइप जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटरवर आडवा गेलाय, असं त्यात होतं. बाईंनी धोका नको म्हणून पाच सेंटिमीटर वर, पंच्याऐंशीवर खूण केली आणि ड्रिल लावलं. पाइपच्या बरोबर मधोमध.

मिस्त्री रिक्षातून पोचेपर्यंत दुसऱ्या मजल्याच्या छतातून पाणी टपकत होतं. बाई ओल्या साडीत दारात उभ्या होत्या. बादली पुढे करत म्हणाल्या, "मिस्त्री, मी नकाशा चुकला की मुलांचे मार्क कापते. तुमचं काय कापू?"

मिस्त्रींनी कॉक बंद केला, छिन्नी मागवली, गुडघ्याला शिव्या घालत भिंतीशी वाकले आणि लादी फोडली. पाइप पंच्याऐंशीवर होता. त्यांनी टेप पुन्हा लावली. पंच्याऐंशी. मग ते मागे सरकून उलट्या बादलीवर बसले आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

काम चालू असताना गवंडी प्रत्येक खोलीत भिंतीवर एक निळी रेघ मारतो. पुढे होणाऱ्या जमिनीपासून बरोबर एक मीटरवर. तिला म्हणतात लेव्हलची रेघ. जमीन तर अजून झालेली नसते, म्हणून सगळे त्या रेघेवरून मोजतात. मिस्त्री बोलायचे, "रेघेखाली वीस," आणि सून लिहायची, जमिनीपासून ऐंशी. हिशेब चोख होता. फक्त ती रेघ खोलीच्या जमिनीची. न्हाणीघराची जमीन खोलीपेक्षा चारपाच सेंटिमीटर खाली ठेवतात, पाणी बाहेर येऊ नये म्हणून; तिथून मोजलं की ऐंशीचे पंच्याऐंशी होतात. हे मिस्त्रींना ठाऊक होतं, गवंड्याला ठाऊक होतं, सिमेंटच्या गोण्या वाहणाऱ्यालाही ठाऊक होतं. बत्तीस वर्षांत हे कुणी कुणाला मोठ्याने सांगितलंच नव्हतं, कारण कामावर ते सांगावं लागत नाही. सुनेला मात्र कुणीतरी सांगायला हवं होतं.

"माझं चुकलं, बाबा," सून म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी विचारायला हवं होतं."

"जे आहे हेच माहीत नाही, ते कसं विचारशील?" मिस्त्री खेकसले. "चूक माझी आहे. माझी म्हणजे माझीच. त्यात वाटेकरी होऊ नकोस."

दुपारपर्यंत इमारतीच्या ग्रुपवर धुरळा उडाला. कुणीतरी लिहिलं, "भिंतीआडचं पाणी दाखवू म्हणाले होते. दाखवलं!" त्याला सतरा जणांनी हसऱ्या चेहऱ्यांची दाद दिली. चहा न विचारणाऱ्या कंत्राटदाराचा आवर्जून फोन आला: "मी सांगत नव्हतो?" संध्याकाळी एकतीसांतली नऊच घरं उरली होती.

घरी मुलाने समजावलं. "बाबा, आकडे गुपचूप दुरुस्त करा. तांत्रिक अडचण होती म्हणा. चूक लेखी कबूल करायची नसते. माझं रोजचं काम आहे हे, मला माहितीये."

"तुझ्या कंपनीत करत नसतील," मिस्त्री म्हणाले. "या कंपनीत करतात."

आणि त्यांनी सुनेच्या हातून फोन घेऊन, एका बोटाने, पाऊण तास खपून ग्रुपवर लिहिलं: "चूक माझी आहे. फक्त बाईंच्या घरात नाही, छत्तीसही न्हाणीघरांत आहे. बाईंची भिंत आणि खालचं छत मी माझ्या खर्चाने करून देणार. आम्ही प्रत्येक घरी येऊन मोजेपर्यंत कुणीही भिंतीला ड्रिल लावू नये." हे वाचून नवांतली आणखी पाच घरं गळाली. उरली चार. मुलगा म्हणाला, "बघा!" मिस्त्री म्हणाले, "बघतोय. चार आहेत."

तो आठवडा दोघांनी दारं वाजवण्यात घालवला. मिस्त्रींना बसता येत नव्हतं, म्हणून सून न्हाणीघराच्या उंबऱ्याशी उकिडवी बसून आतली जमीन किती खाली आहे ते टेपने मोजायची आणि मिस्त्री दाराला टेकून उभे असायचे. पाच. पाच. चार. एका घरात चक्क सहा, कारण लादीवाल्याने आपली अक्कल चालवली होती. काही जण दार उघडून टोमणे मारायचे, काही जण दारच उघडायचे नाहीत. अशा बंद दारांपुढे मिस्त्री दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तिसऱ्या दिवशी कंटाळून आत घेतलं. "मोजा एकदाचं आणि जा," ते म्हणाले.

शेजारच्या एका बाईने सासूबाईंना जिन्यात गाठलं. "काय हो, तुमच्या यजमानांनी म्हणे एक इमारत बुडवली?" सासूबाईंनी आठ महिने त्या कंपनीला नावंच ठेवली होती. पण आता त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चुकलेत ते. पळालेले नाहीत. रोज चढताहेत तिथले जिने, त्या गुडघ्याने. तुमच्याकडे कोण काय चुकलं की कुठे लपतं, ते मला माहितीये. तोंड उघडू का?" शेजारीण वरच्या वर निघून गेली.

रविवारी संध्याकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये बैठक होती. दुसऱ्या दिवशी सोमवार. मिस्त्री, सून, सासूबाई आणि ड्रिलची पिशवी धरलेला मुलगा अशी चौघं जाऊन उभी राहिली. इमारतीचा सेक्रेटरी हा एक टापटिपीचा, बारीक आवाजाचा माणूस होता. त्याने फाइल उघडून विचारलं, "आता मापं बरोबर आहेत, हे आम्ही कशावरून मानायचं?"

"मानू नका," मिस्त्री म्हणाले. "मी माना म्हणतच नाहीये. भिंत दाखवा. ॲपमध्ये बघून पाइपच्या शेजारी भोक पाडतो. थेंब आला तर अख्खी भिंत नवी करून देईन आणि ॲप तुमच्यादेखत बंद करीन."

"कुणाची भिंत?"

"तुमची चालेल."

लोक हसले. सेक्रेटरीला आता माघार घेता येईना. वीसेक माणसं पहिल्या मजल्यावर चढली आणि न्हाणीघराच्या दाराशी दाटीवाटीने उभी राहिली. भूगोलाच्या बाई सगळ्यांत पुढे. त्यांनी चष्मा लावून ॲपमधला आकडा मोठ्याने वाचला: "जमिनीपासून चौऱ्याऐंशी."

मिस्त्रींनी ड्रिल हातात घेतलं. मग थांबले. मागे वळून त्यांनी ते सुनेपुढे धरलं.

"मी? बाबा, मी कधी भोक पाडलं नाहीये!"

"म्हणूनच. मी पाडलं तर म्हणतील म्हातारा आठवणीवर पाडतोय. तुला काही आठवत नाही. तुझ्याकडे फक्त ॲप आहे. परीक्षा त्याची आहे, माझी नाही."

सुनेने ओढणी कमरेला बांधली, टेप लावली, पाइपच्या सहा सेंटिमीटर वर, नव्वदवर पेन्सिलने फुली मारली. आणि मिस्त्री झटकन एक पाऊल पुढे सरकले. कारण त्यांना लख्ख आठवत होतं: याच घरात, याच भिंतीत, त्यांनी पाइप वर उचलायला लावला होता. नव्वदवर. फुली थेट पाइपवर होती.

ओरडायला तोंड उघडलं होतं त्यांनी. एक शब्द पुरला असता. पण तो शब्द बोलला की ॲप संपलं. बत्तीस वर्षांत न चुकलेलं डोकं एका बाजूला आणि सुनेने घरोघरी उकिडवं बसून गोळा केलेले आकडे दुसऱ्या बाजूला. मिस्त्रींनी तोंड मिटलं. चुकायचंच असेल तर या पोरीबरोबर चुकू, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि गुडघा दुखत असतानाही ताठ उभे राहिले.

ड्रिल किंचाळलं. आधी लादीची पांढरी भुकटी पडली, मग गिलाव्याची करडी, मग विटेची लाल. सून ओठ घट्ट मिटून दाबत होती. पूर्ण खोलवर जाऊन तिने ड्रिल बाहेर काढलं. सेक्रेटरीने पुढे होऊन भोकात करंगळी घातली, बाहेर काढली, उजेडात धरली. कोरडी होती.

मिस्त्रींनी सुनेच्या हातून फोन घेऊन भिंतीचा फोटो पाहिला. पाइप खालूनच गेला होता, स्वच्छ दिसत होता. वर उचलला होता तो बहुधा शेजारच्या घरात. म्हणजे ते चुकले होते. छातीवर हात ठेवून सांगायचे ते मिस्त्री चुकले होते आणि त्यांनी स्वतः खुर्चीत बसून काढून घेतलेला फोटो बरोबर होता. त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी भुकटी गेल्याच्या नावाखाली पुसलं.

"ठीक आहे," सेक्रेटरी करंगळी रुमालाला पुसत म्हणाला. तो सहजासहजी हार मानणारा नव्हता. "पण या उद्या नोकरीला होकार कळवणार, असं यांच्या मिस्टरांनीच मला सांगितलंय. मग आमचं काही अडलं तर फोन कुणाला करायचा?"

मुलगा खाली बघायला लागला. मिस्त्रींनी सुनेकडे बघायचं टाळलं. थांब म्हणणार नाही, हे त्यांनी कधीच ठरवलं होतं.

सुनेच्या केसांत, भुवयांवर लाल भुकटी होती. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, मग सेक्रेटरीकडे.

"मला करायचा," ती म्हणाली. "उद्या, परवा, पुढच्या वर्षी, कधीही. नाही म्हणून कळवलंय मी त्यांना, आज सकाळीच."

आणि हातातलं ड्रिल खाली न ठेवता तिने दाराशी जमलेल्या गर्दीला विचारलं, "पुढची भिंत कुणाची?"